पाणंदीच्या वाटेनं शाळेला

आज आपण रस्त्यावर बोलणार आहोत. हमरस्त्यावर नव्हे. आपल्या रानाकडं जाणाऱ्या, दोन्ही अंगाला बांध नाहीतर काट्याचं कुंपण असलेल्या, मुरमाच्या नाहीतर मातीच्या पाणंदीवर. आणि त्या पाणंदीवरून जाणाऱ्या सायकलीवर.

हा विषय आमच्या गटाच्या बैठकीत निघाला तो असा. हप्ते गोळा करून झाले, वही मिटायची वेळ आली, तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "पोरगी आठवी झाली. आता हायस्कूल शेजारच्या गावात. सायकलीला कर्ज मिळेल का?" कर्ज मिळेल, त्यासाठीच तर गट आहे. पण लगेच कोपऱ्यातून दुसरी बोलली, "सायकल घेशील गं. पोरगी ती चालवणार कुठं?" मग बैठक तासभर लांबली. चहा दोनदा झाला.

प्रश्न खराच आहे. सातारा-पंढरपूर रस्ता घ्या. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड अशी मोठी गावं त्याच्यावर. नाहीतर गुहागरहून कराड, विटा, जत करत विजापूरला जाणारा रस्ता घ्या. रस्ते रुंद झाले, गुळगुळीत झाले, गाड्या पळायला लागल्या. दवाखान्यात लवकर पोचता येतं, बाजाराला माल लवकर जातो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच रस्त्याच्या कडेनं दप्तर लावून चाललेली तेरा वर्षांची पोरगी बघितली की पोटात गोळा येतो. त्यात उसाचा हंगाम आला की ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेर आलेला, मागं दिवा असेलच असं नाही. कृष्णाकाठच्या, वाळवा-पलूस-कराडकडच्या मैत्रिणींना हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. नोव्हेंबर ते मार्च तिकडं सकाळी शाळेची वेळ आणि उसाच्या गाड्यांची वेळ एकच.

"एसटी आहे की," असं कोणीतरी म्हणतंच. आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतून पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, तो जरूर काढावा. पण पास असून गाडी वेळेवर नसली, किंवा वाडीच्या फाट्यापर्यंतच दीड किलोमीटर चालायचं असलं, तर पास दप्तरातच राहतो.

मग आम्ही बसून मोजलं. आमच्या गावातून हायस्कूलला डांबरी रस्त्यानं जायला साडेचार किलोमीटर. जुन्या पाणंदीनं जायचं तर चार. म्हणजे जवळच! आमच्यातल्या सासवांनी सांगितलं, त्या बाजाराला याच वाटेनं जायच्या, डोक्यावर पाटी घेऊन. बैलगाड्या याच वाटेनं. एसटी आणि डांबर आल्यावर वाट मागं पडली, एवढंच. चार किलोमीटर पायी म्हणजे पाऊण-एक तास. सायकलनं मुरमावरून अगदी सावकाश गेलं तरी वीस-पंचवीस मिनिटं. रोजचा तासभर वाचतो, आणि हायस्कूलच्या वयातल्या मुलीचा तासभर म्हणजे काय हे आयांना सांगायला नको. तो अभ्यासात जातो नाहीतर भांड्यात जातो, पण उन्हात चालण्यात तरी जात नाही.

पाणंद म्हणजे नेमकं काय, हे आधी नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपण घरात सगळ्यालाच पाणंद म्हणतो. सरकारी दप्तरात वेगवेगळे प्रकार आहेत. गावाचा नकाशा असतो, त्यावर एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे ग्रामीण रस्ते दोन भरीव रेषांनी दाखवलेले असतात. गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी. त्यांची रुंदी १६.५ ते २१ फूट धरलेली आहे. पायमार्ग एकाच तुटक रेषेनं, ८.२५ फूट. दोन गावांच्या शिवेवरून जातो तो शिवरस्ता. हे आकडे असे विचित्र का, तर जुनी मोजणी ३३ फुटी साखळीनं व्हायची. तिचा अर्धा १६.५, पाव ८.२५.

म्हणजे ज्या वाटेवर आज दोन बायका शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत, ती कागदावर बैलगाडी जाऊन बाजूला जागा उरेल एवढी आहे. आम्हाला हे कळलं तेव्हा आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो.

नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. अर्ज करायचा, फी भरायची, नक्कल घ्यायची. तलाठ्याकडंही गावचा नकाशा बघायला मिळतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपण तलाठीच म्हणणार. नकाशावर आपली शाळा, आपली वस्ती, शेजारचं गाव यांवर बोट ठेवा आणि तुटक रेषांवरून बोट फिरवा. एकही डांबरी रस्ता न लागता कुठवर जाता येतं ते बघा. आमचं बोट तीन गावं फिरून आलं.

आता थोडं लांबचं सांगतो. आपल्याला मुरमाचा रस्ता म्हणजे मागासलेपणाची खूण वाटते. इटली देशात टस्कनी नावाचा प्रांत आहे, द्राक्षं आणि ऑलिव्हच्या बागांचा. आपल्या तासगावकडच्या बायकांना द्राक्षाचा मांडव बघून तिथं परकं वाटणार नाही. तिथं रानातून जाणारे पांढऱ्या खडीचे रस्ते आहेत. लोक त्यांना पांढरे रस्तेच म्हणतात. एकेक करून त्यांच्यावर डांबर पडायला लागलं. तेव्हा काही लोकांनी हे रस्ते वाचावेत म्हणून १९९७ साली जुन्या सायकलींची एक फेरी काढली. पुढं ती एवढी नावाजली की जगभरातून लोक तिथं सायकल चालवायला येऊ लागले. २००७ पासून त्याच पांढऱ्या रस्त्यांवर मोठी शर्यत होते आणि २०१५ पासून बायकांचीही होते. स्पेनमध्ये १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गांवर चालायच्या आणि सायकलीच्या वाटा केल्या, तिथं मोटारी नाहीत. इंग्लंडमध्ये रानातून घोडेवाल्यांसाठी जुन्या वाटा आहेत. १९६८ च्या कायद्यानं त्यांवर सायकल न्यायचा हक्क लोकांना मिळाला. मोटारींचा त्रास नको म्हणून पैसेवाले लोक मुद्दाम खडीच्या वाटा शोधत फिरतात. आपल्याकडं त्या घराच्या मागंच आहेत, आणि आपण त्यात शेणाचे ढीग आणि काटेरी फांद्या टाकतो.

पाहुणे येतील, पर्यटन होईल, असं काही आम्ही सांगत नाही. आले तर येऊ देत. आमची गोष्ट पोरींच्या शाळेची आहे. तिला आधार आपल्याच देशातला आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोघांनी त्याचा अभ्यास केला. मुलींचं हायस्कुलात नाव घालणं ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगे-मुलींच्या नावनोंदणीत जे अंतर होतं ते ४० टक्क्यांनी कमी झालं. जास्त फरक कुठं पडला? जिथं हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होतं, त्या गावांत. म्हणजे आपल्या वाड्यावस्त्यांसारख्या.

दुसरी गोष्ट तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याची. १९९१-९२ च्या सुमारास तिथं साक्षरतेची चळवळ चालली होती. त्यातच बायकांना सायकल शिकवायची ठरलं. लाखावर बायका शिकल्या. शेतमजूर, दगडखाणीतल्या बायका, बालवाडीच्या ताई, सगळ्या. दुकानात लेडीज सायकली संपल्या, तेव्हा बायकांनी जेन्टस् सायकली घेतल्या. काहींना तीच बरी वाटली, कारण पुढच्या दांडीवर पोराला बसवता येतं! हे ऐकून आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त हसू कुणाला आलं असेल तर त्या सासूबाईंना, ज्या आजवर फक्त कॅरिअरवर बसल्या होत्या.

आपल्याकडंही म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं लांबून शाळेला येणाऱ्या मुलींसाठी सायकली दिल्या आहेत. म्हणजे सायकल मिळायच्या वाटा आहेत. गटातून कर्ज आहे, संस्था आहेत, कुठं ग्रामपंचायत मदत करते. अडतं ते रस्त्यावर.

तर आम्ही नकाशा घेऊन पाणंद चालायला निघालो. अकरा जणी, एक काथ्याची दोरी आणि एक वही. दोरीला दर फुटावर गाठ मारली होती. सुरुवातीला छान वाट होती. पुढं एका ठिकाणी कुणाचा तरी कडब्याचा बुचाड, पुढं पाइपलाइनचा चर आडवा गेलेला, नुसताच माती लोटून बुजवलेला. आणि मधल्या एका टप्प्यात वाट होती साडेचार फूट. आम्ही दोरी तीनदा लावली.

वाट कशी बारीक होते ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. एकदम कोणी खात नाही. दर पेरणीला नांगराचं एक तास बाहेर जातं. बांध तेवढा सरकतो. वीस वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते. खाणारा परका नसतो, भावकीतला असतो. आमच्या त्या साडेचार फुटांच्या शेजारचं रान आमच्यातल्याच एकीच्या दिराचं होतं. ती आमच्याबरोबर चालत होती. तिनं दोरीचं टोक धरलं होतं ते सोडलं आणि जरा बाजूला जाऊन उभी राहिली. आम्ही तिला काही बोललो नाही. वहीत आकडा लिहिला, नाव लिहिलं नाही.

ही गोष्ट सांगतो कारण कायदा सांगणं सोपं आहे, भावकी अवघड. आम्ही ठरवलं, एकीनं एकाच्या दारात जायचं नाही. सगळ्यांची मोजणी एकदम मांडायची, कुणा एकाचं नाव घ्यायचं नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण वाट. म्हणजे "माझ्यावरच का" हे कुणाला म्हणता येत नाही. मांडायची जागा महिला ग्रामसभा. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिथला ठराव ग्रामसभेपुढं जातो. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ताई खुर्चीवर बसल्या आहेत, तर त्यांच्याकडून हे काम करून घेऊ या. ठरावात "रस्ता व्हावा" एवढंच लिहू नका. कुठून कुठं, कोणत्या गट नंबरांच्या मधून, नकाशावर रुंदी किती, आज मोजली तर किती, शाळेच्या किती मुली जातील, एवढं लिहा.

समजुतीनं झालं तर फार उत्तम. नाही झालं तर तहसीलदार. यात दोन वेगळ्या वाटा आहेत आणि बायकांचा इथं गोंधळ होतो, म्हणून सावकाश ऐका.

पहिली: रस्ता आधीपासून आहे, वहिवाट आहे, कोणीतरी अडवला. चर खणला, काटे टाकले, नांगरला. तेव्हा मामलेदार न्यायालय कायदा, १९०६, कलम ५. त्याखाली तहसीलदारांकडं अर्ज करायचा, अडथळा काढून मागायचा. पण मुदत आहे: अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. "दिवाळी होऊ दे, मग बघू" म्हणून मुदत घालवलेली घरं आम्हाला माहीत आहेत. अडवल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा, फोटो काढा.

दुसरी: शेतात जायला रस्ताच नाही, बांधावरून नवीन हवा. तेव्हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३. तहसीलदार जागेवर येऊन पाहणी करतात, शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल असा बांधावरून रस्ता देतात. निकाल पटला नाही तर वर्षाच्या आत दिवाणी कोर्टात जाता येतं. हे कलम शेतात जाणाऱ्यासाठी आहे, शाळेच्या वाटेसाठी नाही. पण शाळेची पाणंद ज्यांच्या शेताची वाट आहे ते शेतकरी अर्ज करू शकतात. म्हणूनच शेतकऱ्यांना बरोबर घ्या. त्यांना ट्रॅक्टर न्यायचाय, आपल्याला सायकल. वाट एकच.

करायला पैसा कुठला? २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, तीत रोजगार हमीच्या कामाची सांगड होती. गावानं आराखड्यात पाणंदीचं नाव घातलं पाहिजे, नाव नसेल तर काम नाही. मे २०२५ मध्ये शासनानं शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद ठेवावेत आणि त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कात व्हावी, असाही निर्णय केला आहे. नोंद महत्त्वाची. रान विकलं गेलं, पुढची पिढी आली, तरी कागद बोलतो.

आता मतभेदाची गोष्ट. आमच्या गावात पुरुषमंडळींनी लगेच म्हटलं, "करायचाय तर डांबरीच करू." आमच्यातल्या काहींनाही तेच वाटलं. आमचं मत वेगळं आहे. पाणंदीवर डांबर पडलं की ती हमरस्त्याचा आडरस्ता होते. टोल चुकवणारे, गर्दी चुकवणारे, मोटारसायकलवाले सगळे तिकडं वळतात. ज्याच्यासाठी वाट धरली तेच जातं. मुरमावर गाडी आपोआप हळू चालते. बाळंतिणीला न्यायला गाडी येते, ऊस काढायला ट्रॅक्टर येतो, पण कुणी ऐंशीच्या वेगानं येत नाही. वाटेवर मधेच दगड रोवून मोटारी अडवू, अशीही एक सूचना आली. ती आम्ही लगेच बाजूला ठेवली. उद्या आपल्यावरच रस्ता अडवल्याचा अर्ज व्हायचा!

मात्र मुरूम नीट हवा. इथं माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर आपण नशीबवान, मुरूम पायाखालीच आहे. कृष्णाकाठी काळी जमीन. पावसात ती चाकाला चिकटते, मडगार्डात गोळा होऊन बसते आणि सायकल डोक्यावर घ्यायची वेळ येते. म्हणून काळ्या रानात नुसता वरवर मुरूम पसरून भागत नाही. खाली दगडगोटे दाबून घ्यायचे, वर मुरूम थराथरानं, प्रत्येक थराला पाणी मारून रूळ फिरवायचा. वाट मधे उंच, कडेला उतरती, जनावराच्या पाठीसारखी. म्हणजे पाणी मधे थांबत नाही. दोन्ही अंगाला चर. जिथं ओघळ आडवा येतो तिथं सिमेंटचा नळ घालून मोरी. आम्ही बघितलेल्या दहा वाईट पाणंदींत आठ ठिकाणी मुरूम वाईट नव्हता, पाण्याला जायला वाट नव्हती. पाणी वाट खातं. ठेकेदाराला आधी "मोऱ्या किती आणि कुठं?" हे विचारा, लांबी मग.

आता सगळ्यात अवघड. ज्या आईनं विचारलं, "चालवणार कुठं ती?" तिच्या मनात फक्त ट्रक नव्हता. हमरस्त्यावर ट्रकची भीती, आणि जिथं ट्रक नाही तिथं माणूसही नाही. एकटी पोरगी, दोन्ही बाजूला उभी ज्वारी नाहीतर ऊस. गाडी नसलेल्या वाटेचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. "काही होत नाही" असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. ते आपल्या हातात नाही.

जे हातात आहे ते आम्ही असं केलं. एक, पोरी एकट्या नाहीत, घोळक्यानं जातात. वेळ ठरलेली, जमायची जागा ठरलेली. आमच्याकडं देवळामागचं चिंचेचं झाड. सगळ्यांत मोठी पोरगी शेवटी राहते, लहान मधे. कोणी मागं राहिली तर सगळ्या थांबतात. दोन, कुंपणाच्या फांद्या वळणावर कमरेइतक्या छाटायच्या, म्हणजे पुढचं दिसतं. उसाचा पट्टा असेल तिथं शेतकऱ्याला वळणावरच्या दोन-तीन सऱ्या मोकळ्या ठेवायला सांगायच्या. काहींनी ऐकलं, एकानं नाही. तीन, त्याच वेळेला आपण त्या वाटेवर असायचं. धार काढून दूध घालायला, वैरणीला, भांगलायला जाणाऱ्या बायकांनी आपली वेळ दहा मिनिटं पुढं-मागं केली, तर वाटेवर शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी कोणी ना कोणी असतंच. हे करायला एक पैसाही लागला नाही, आणि आमच्या मते खरा फरक यानंच पडला. चार, मुलींना एक गोष्ट सांगून ठेवली: कुणी थांबवलं, काही बोललं, पाठलाग केला, तर घरी सांगायचं, आणि सांगितल्यावर घरानं सायकल बंद करायची नाही. हे दुसरं वाक्य आयांनी पोरींसमोर बोलून दाखवलं. नाहीतर पोरी सांगत नाहीत. शाळा सुटेल या भीतीनं गप्प बसतात. आपणही गप्प बसलो होतो की. मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर दप्तराच्या आतल्या बाजूला लिहून दिले.

हिवाळ्यात अंधार लवकर पडतो. जादा तास असले की पाणंदीनं यायचं नाही, त्या दिवशी घरच्यांनी जायचं. हा नियम आम्ही मोडू दिला नाही.

अजून एका वाटेबद्दल मैत्रिणींनी विचारलंय: कालव्याकडेचा रस्ता. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी, धोम, खोडशीपासून निघणारा जुना कृष्णा कालवा, अशी आपल्या दोन जिल्ह्यांत कालव्यांची जाळी आहे आणि त्यांच्या कडेनं देखभालीचे मुरमाचे रस्ते आहेत. सपाट, सरळ, वाहनं कमी. सायकलीला मोह पडावा असेच. पण ते पाटबंधारे खात्याचे आहेत, गावाच्या नकाशातले नाहीत, आणि बाजूला पाणी आहे. अस्तरीकरण केलेल्या कालव्याची बाजू उतरती आणि गुळगुळीत असते. आवर्तन चालू असताना आत पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. मोठ्या बायकांनी दिवसा, पाण्याच्या बाजूनं नव्हे तर रानाच्या बाजूनं जायला हरकत नसावी, तेही तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून. मुलांच्या रोजच्या शाळेसाठी ही वाट आम्ही धरली नाही.

आता सायकलीचं, थोडक्यात. मुरमावर बारीक टायर घसरतं, जरा जाड टायर बरं. हवा दगडासारखी टणक भरू नका, अंगठ्यानं दाबल्यावर किंचित दबली पाहिजे. उतारावर फक्त पुढचा ब्रेक दाबला तर पोरगी हँडलवरून पुढं जाते, मागचा आधी, मग पुढचा. ओढणी बांधलेली, चेनला कव्हर. मागं लाल रेडियमची पट्टी. सीट एवढीच उंच की दोन्ही पायांची बोटं जमिनीला टेकतील. शिकल्यावर थोडी वर घ्या, नाहीतर गुडघे दुखतात.

आणि बाभळीचा काटा! आमच्याकडं पाणंदीचा खरा शत्रू तोच. कुंपण छाटलं की फांद्या वाटेत, काटे मुरमात, आणि आठवड्याला दोन पंक्चर. गावात पंक्चरवाला नाही. मग आम्ही गटाच्या पैशातून एक पेटी केली. पंप, पाने, पॅच, सोल्यूशन, घासायला खरकागद, पाण्याला जुनं घमेलं. एका रविवारी पोरींना शिकवलं. टायर सोडवायचं, ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघायचे, तिथं पेन्सिलीनं खूण, कोरडं करून घासायचं, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचं, मग पॅच. थांबायचं हेच कुणाला जमत नाही, म्हणून पॅच निघतो. ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, काटा आत राहिला असेल तर पुन्हा तेच. पंक्चर काढायला सगळ्यात पटकन शिकली ती सातवीतली पोरगी, जिच्याकडं अजून सायकल नाही. पेटीची किल्ली तिच्याकडं दिली आहे.

कुंपण छाटलं की फांद्या त्याच दिवशी उचलायच्या, असा ठरावही ग्रामसभेत मांडला. त्यावर पुरुष हसले. पण मंजूर झाला.

ते साडेचार फूट आता नऊ फूट आहेत. सोळा झाले नाहीत. दिरानं स्वतः बांध मागं घेतला, तहसीलला जावं लागलं नाही. पण अर्ध्यावरच थांबला, आणि आमची मैत्रीण म्हणते, यंदा एवढं राहू दे, पुढच्या पेरणीला मी पुन्हा बोलते. सायकल जाते, ट्रॅक्टर अडतो. जूनला शाळा उघडली तेव्हा चिंचेखाली सात सायकली होत्या. आता अकरा आहेत, आणि रविवारी सकाळी, पोरी झोपलेल्या असताना, त्यातल्या दोन-तीन आयाच घेऊन जातात. शिकतोय आम्ही. हँडल अजून सरळ राहत नाही.